अवलंबित्व-अंतःक्षेपण आणि सर्व्हरलेस फंक्शन : एका पद्धतीची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
कोणतीही तांत्रिक पद्धत ज्या परिस्थितीत जन्मते, त्या परिस्थितीची गृहीतके ती नकळत सोबत बाळगते. परिस्थिती पालटली की त्या गृहीतकांची कसोटी लागते. संगणकीय आज्ञावली-लेखनातील 'डिपेंडन्सी इंजेक्शन', अर्थात अवलंबित्व-अंतःक्षेपण, हे याचे बोलके उदाहरण होय.

उगम :
एखाद्या घटकास डेटाबेससारख्या सेवेची गरज असल्यास त्याने ती स्वतः निर्माण न करता ती त्यास बाहेरून पुरवावी, हे या पद्धतीचे सार आहे. रॉबर्ट मार्टिन यांनी १९९६ मध्ये अवलंबित्व-व्युत्क्रमाचे तत्त्व मांडले. रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील ग्रंथातून पुढे जावा भाषेतील 'स्प्रिंग' ही चौकट उभी राहिली, तर २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे पद्धतीचे नाव रूढ झाले. त्या काळी सर्व्हर एकदा सुरू झाला की दीर्घकाळ चालत असे. साहजिकच प्रारंभीच्या जुळणीस लागणारा वेळ नगण्य मानला गेला.

स्थित्यंतर :
नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने 'लॅम्ब्डा' सेवा जाहीर केली आणि हे गृहीतक डळमळले. येथे फंक्शन मागणी आल्यावरच चालते, आकारणीही वापराप्रमाणेच होते. न वापरलेले वातावरण काही काळाने नष्ट केले जाते. नवे उभारताना, म्हणजे 'कोल्ड स्टार्ट'च्या वेळी, सर्व जुळणी पुन्हा करावी लागते व तो विलंब वापरकर्त्यास सोसावा लागतो. मात्र पद्धतच त्यागावी, तर खऱ्या सेवेऐवजी चाचणीपुरता पर्यायी घटक योजण्याची सोय गमावते.

या पेचातून भिन्न मार्ग निघाले. २०१८ मधील 'मायक्रोनॉट' व २०१९ मधील 'क्वार्कस' यांनी जुळणीचे बरेचसे काम आज्ञावलीच्या संकलनाच्या वेळीच उरकले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये 'ॲझ्युअर फंक्शन्स'मध्ये ही पद्धत अधिकृतपणे उपलब्ध केली. २०२२ मध्ये लॅम्ब्डाने जावासाठी सज्ज स्थितीची प्रतिमा साठवून तेथूनच आरंभ करण्याची सोय दिली. लहान फंक्शनसाठी तर चौकटीविना, मुख्य कार्याबाहेर घटक एकदाच निर्माण करून ते हाताने पुरविणेही पुरेसे ठरते. तथापि असे घटक पुढील मागण्यांतही टिकू शकतात. म्हणून त्यांत एका वापरकर्त्याची माहिती ठेवणे धोक्याचे असते.

निष्कर्ष :
तत्त्व टिकले, बदलली ती जुळणीची वेळ. विद्यार्थ्यांस केवळ चौकटीचा वापर शिकविल्यास हा भेद निसटतो. चौकट कोणत्या परिस्थितीसाठी घडली, याचे ज्ञान म्हणूनच संगणकशास्त्राच्या अध्यापनात अगत्याचे ठरते.