कोळसाधारित विद्युत संचांची निवृत्ती (भारत)

कोळसाधारित विद्युत संचाची निवृत्ती म्हणजे औष्णिक केंद्रातील जुना संच कायमचा बंद करून तो स्थापित क्षमतेतून वगळणे होय. भारतात अशा संचाचे आयुर्मान साधारणपणे २५ वर्षे धरले जाते. मात्र त्यानंतर तो बंद करणे बंधनकारक नसते. नूतनीकरण व आधुनिकीकरण करून अनेक संच पुढेही चालवले जातात.

निर्णयाचे निकष

जुन्या संचाचे भांडवल बहुतांशी वसूल झालेले असल्याने त्याचा स्थिर आकार कमी असतो. परंतु कार्यक्षमता घटल्याने प्रतियुनिट कोळसा अधिक लागतो. खाणीलगतच्या केंद्रात वाहतूकखर्च वाचत असल्याने जुन्या संचाची वीजही स्वस्त पडू शकते. खाणीपासून दूरच्या केंद्रात ती महाग होते आणि मेरिट ऑर्डरमध्ये मागे पडते.

डिसेंबर २०१५ मध्ये उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाल्यावर गंधक निर्मूलन यंत्रणेच्या खर्चाची भर पडली. थोडीच वर्षे उरलेल्या संचावर हा खर्च वसूल होणे कठीण असते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुतांश केंद्रांना या यंत्रणेतून सूट दिली.

धोरण

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय विद्युत योजनेत २०१७–२२ या काळात २२,७१६ मेगावॅट क्षमता निवृत्त होईल असे धरले होते. २०२३ च्या योजनेत २०२२–२७ साठी हा आकडा २,१२१.५ मेगावॅटवर आला. वाढती मागणी लक्षात घेऊन प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये २०३० पर्यंत कोळशाचे संच निवृत्त न करण्याचा सल्ला वीज कंपन्यांना दिला. सूर्यास्तानंतर सौरऊर्जा उपलब्ध नसताना मागणी भागवण्यासाठी हे संच लागतात. दुसरीकडे, ते चालू राहिल्याने परिसरातील वायुप्रदूषण व राखेचा प्रश्न कायम राहतो.

उदाहरणे

बदरपूर (दिल्ली): १९७३ मध्ये सुरू झालेले ७०५ मेगावॅटचे केंद्र. खाणींपासून दूर आणि दाट वस्तीत असलेले हे केंद्र राजधानीतील वायुप्रदूषणाच्या पार्श्वभूमीवर १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कायमचे बंद झाले.

सिंगरौली (उत्तर प्रदेश): एनटीपीसीचे खाणीलगतचे २,००० मेगावॅटचे केंद्र. येथील पहिला संच १९८२ मध्ये सुरू झाला; चाळीस वर्षे उलटूनही केंद्र कार्यरत राहिले.

कोराडी (महाराष्ट्र): महानिर्मितीने येथील जुने लहान संच टप्प्याटप्प्याने बंद केले आणि त्याच परिसरात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन सुपरक्रिटिकल संच उभारले. जमीन, पाणी व पारेषण वाहिन्या आधीच उपलब्ध असणे हा अशा बदलाचा लाभ असतो. मात्र त्यामुळे त्याच परिसरातील कोळशाचा वापर थांबत नाही.