संडासाची मापे आणि मागची झडप

राष्ट्रीय इमारत संहितेत संडासाचे किमान क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर आणि किमान रुंदी ०.९ मीटर सांगितली आहे. बसणाऱ्याचा देह मावावा, हा त्यामागचा हिशेब. परंतु बांधकामाची मापे समाजही सांगतात, असे मला वाटते.

टोपलीच्या संडासाचीच रचना पाहा. बैठक उंचावर, तिच्याखाली टोपलीपुरती जागा, मागच्या भिंतीत झडप आणि घरांच्या पाठीमागे अरुंद गल्ली. मैला उचलणारा पुढच्या दाराने येऊ नये, कुणाच्या नजरेस पडू नये, ही तजवीज विटा-चुन्यातच करून ठेवलेली होती. अस्पृश्यता समजायला पोथी उघडण्याची गरज नव्हती. घराची मागची बाजू पुरेशी होती.

मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ चा. १९५७ साली केंद्राच्या पातळीवर मलकानी समिती आली. डोक्यावरची टोपली जावी, एवढ्यासाठी अहवालांवर अहवाल निघाले. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा मात्र १९९३ साली झाला; दुसरा, अधिक व्यापक कायदा २०१३ साली.

झडप बुजली, पण माणूस गटारात उतरतच राहिला. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. भरपाई वाढली, जात तीच राहिली. ‘मॅनहोल’ या शब्दातच माणसाचे उतरणे गृहीत धरलेले आहे. ते गृहीतक मोडणे, हा स्वच्छतेचा नव्हे, जातिअंताचा प्रश्न आहे.