फिरंगी म्हणजे नेमकं कोण?

परवा ७ जूनला शेणोलीच्या पगारगाडीवर पोस्ट टाकली होती. १९४३ साली याच दिवशी आपल्या कुंडलच्या तूफान सेनेनं सरकारी पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली आणि पैसे ताब्यात घेतले. मथळा दिला, 'फिरंगी सत्तेला हादरा'. संध्याकाळी एका निवृत्त गुरुजींचा फोन. "अरे, हादरा कुणाला? इंग्रजाला का फ्रेंचाला?" मी हसलो. मग पुस्तकं उघडली आणि हसू गेलं.

मुळात फिरंगी म्हणजे फ्रेंचच की! फ्रँक नावाचे लोक, ज्यांच्यावरून फ्रान्स हे नाव पडलं. धर्मयुद्धांत अरबांशी लढायला आलेल्यांत त्यांचा भरणा मोठा, म्हणून अरबांनी सगळ्याच युरोपियनांना फ्रँक ठरवलं. फारसीत त्याचं फरंगी झालं आणि तिथून ते आपल्याकडं आलं. १४९८ ला पोर्तुगीज आले, शब्द त्यांना चिकटला. वसईकडच्या त्यांच्या मुलखाला मराठे फिरंगाण म्हणायचे. खऱ्या फ्रेंचांसाठी मग वेगळा शब्द लागला, फरासीस. म्हणजे ज्यांचं नाव, त्यांनाच ते उरलं नाही!

बरं, शब्द शिवी होता का? भावप्रकाश या १६ व्या शतकातल्या वैद्यक ग्रंथात गुप्तरोगाला 'फिरंग रोग' म्हटलंय. (इटलीवाले त्यालाच फ्रेंच रोग म्हणत, आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग. आपला कुणीच म्हणत नव्हतं!) पण युरोपी पात्याची चांगली तलवारही फिरंगच. आणि १६६० ला चाकणचा किल्ला शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला तो फिरंगोजी नरसाळ्यानं. निव्वळ शिवी असती तर पोराचं नाव कुणी ठेवलं असतं?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, सगळे वेगवेगळे मोजलेत. टोपीकर म्हणून एकत्र धरले तरी कोण कोण ते माहीत होतं. राज्य चालवायचं तर ते लागतंच. पुढं शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेराँ होता, तो तर फ्रेंच. आम्ही मात्र गोरा दिसला की फिरंगी.

आपल्या गावाला तरी हे कळायला हवं. प्रतिसरकारचं लोकांच्या तोंडी पत्री सरकार झालं, आणि त्या 'पत्री'ला पायाला पत्रे ठोकल्याची गोष्ट चिकटली. आजही बाहेरगावी कुंडल म्हटलं की लोक आधी पत्रे विचारतात. गावोगावची न्यायदान मंडळं कुणी विचारत नाही.

तर गुरुजी, मथळा बदललाय. 'इंग्रजी सत्तेला हादरा' केलंय. बघून घ्या.