पंतोजींना मुलं मिळायची कुठून?

मालवणच्या जुन्या शाळा शोधताना कागदांत 'सिंधुदुर्ग' पाहू नका. हा जिल्हा १९८१ चा. त्याआधी रत्नागिरी, आणि कंपनीच्या दप्तरात 'दक्षिण कोकण'. माझे दोन महिने यातच गेले!

१८२० च्या दशकात मुंबई सरकारने गावठी शाळांची मोजणी केली. ते अहवाल पुढे र. वि. परुळेकरांनी संपादित केले. पण आकडे पाहून हुरळू नका. पंतोजीला सहसा सरकारी पगार नव्हता. कुणाच्या पडवीत, नाहीतर देवळात शाळा भरायची. मुलांच्या घरून येणारे पैसे नि धान्य हीच मिळकत. म्हणून पालकांना हवं तेच शिकवायचं: मोडी, पाढे, पावकी-निमकी, हिशेब. मुलं तुटली की शाळा बंद. मग मोजणीच्या दिवशी न दिसलेली शाळा 'नव्हतीच', असं कसं धरायचं?