लाल रंग हरवतो कुठे? ‘सैरंध्री’पासून मालवणच्या समुद्रतळापर्यंत

#थ्रेड

१/ मालवणच्या समुद्रात कॅमेरा घेऊन काही मीटर खाली उतरले की सर्वांत आधी लाल रंग नाहीसा होतो. पाणी लाल प्रकाश शोषून घेते. त्यामुळे तांबडा मासाही करडा-निळसर दिसू लागतो. चित्रण करणारा मनाशी म्हणतो, ‘संकलनात रंग परत आणू.’ बहुतेक वेळा ते जमत नाही. या अपयशाला जवळजवळ शतकभराचा इतिहास आहे.

२/ त्या इतिहासाचा एक ठळक आरंभबिंदू सिंधुदुर्गापासून दूर नाही. घाट चढून गेले की कोल्हापूर. १ जून १९२९ रोजी तेथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार.

३/ १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने प्रभातचे नाव सर्वतोमुखी केले. आता पुढचे पाऊल रंगाचे होते. विषय निवडला गेला तो कीचकवधाचा, म्हणजे ‘सैरंध्री’. याच कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये मूकपट काढला होता. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी पेंटरांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेली. गुरूच्या कथेला शिष्य रंग देणार होते.

४/ पण रंग टिपायचा कसा? त्या काळच्या फितीला रंग कळत नव्हता, फक्त प्रकाशाचे कमीजास्त प्रमाण कळत होते. यावर ‘बायपॅक’ हा एक उपाय होता. कॅमेऱ्यात दोन फिती एकमेकींना चिकटून धावत. पुढची फीत निळा-हिरवा प्रकाश नोंदवी, तर तिच्यातून गाळून मागे पोहोचलेला लाल प्रकाश दुसरी फीत नोंदवी.

५/ छपाईच्या वेळी दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असलेली फीत वापरत. तिच्या एका बाजूला नारिंगी-लाल प्रतिमा उमटे आणि दुसऱ्या बाजूला निळी-हिरवी. म्हणजे संपूर्ण सृष्टी दोनच रंगांच्या मिश्रणातून उभी करायची! त्वचेचा वर्ण बरा साधे, पण जांभळा, शुद्ध पिवळा, गवताचा हिरवा हे रंग नीट येतच नसत. मुळात नोंदलेच न गेलेले छपाईत कोठून येणार?

६/ तीन रंग नोंदणारी टेक्निकलर पद्धत तेव्हा नुकतीच जन्मली होती. डिस्नेचा लघुपट ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ १९३२ मधला. त्या पद्धतीचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट ‘बेकी शार्प’ १९३५ मधला. १९३३ च्या कोल्हापुरास ती वाट मोकळी नव्हती. रंगीत प्रक्रिया आणि छपाई यांसाठी शांतारामांना ‘सैरंध्री’ घेऊन जर्मनी गाठावी लागली.

७/ परिणाम निराशाजनक ठरला. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपटही अपेक्षेप्रमाणे चालला नाही. कथा, नट, नेपथ्य, मेहनत यांत उणीव नव्हती. चित्रण आणि पडदा यांच्या मधल्या टप्प्यावर, रंग साठवून वाहून नेणाऱ्या पद्धतीत, सारे डळमळले. चित्रीकरण येथे आणि छपाई सातासमुद्रापार, अशा स्थितीत वेळीच चूक उमगून दृश्य पुन्हा टिपणेही शक्य नव्हते.

८/ प्रभातने धडा घेतला. त्याच सुमारास कंपनी पुण्यास आली आणि १९३४ चा ‘अमृतमंथन’ कृष्णधवल निघाला. १९३७ मध्ये अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीने ‘किसान कन्या’ सिनेकलर पद्धतीने भारतातच तयार केला. मात्र ती पद्धतही दुरंगीच. शांताराम मोठ्या पडद्यावरच्या रंगाकडे परतले ते १९५५ मध्ये, टेक्निकलरमधील ‘झनक झनक पायल बाजे’ घेऊन. मधे २२ वर्षे गेली होती!

९/ दरम्यान रंगाचा प्रश्न छोट्या पडद्यावर पोहोचला. १९३८ मध्ये फ्रेंच अभियंता जॉर्ज वालेन्सी याने एक कल्पना पेटंट केली : चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग वेगवेगळे पाठवावेत. म्हणजे जुन्या कृष्णधवल संचाला उजेड पुरेल आणि नवा संच त्यात रंग मिसळून घेईल. मानवी डोळा उजेडातील बारकावे चटकन टिपतो, रंगातील बारकाव्यांबाबत मात्र तो उदार असतो. म्हणून पुढे रंगाला कमी जागा देण्याचीच रीत पडली.

१०/ अमेरिकेने १९५३ मध्ये स्वीकारलेल्या एनटीएससी पद्धतीत रंगाची छटा लहरींच्या ‘फेज’वर अवलंबून होती. वाटेत फेज किंचित ढळला की माणसांचे चेहरे हिरवट दिसत. अभियंते थट्टेने त्या आद्याक्षरांचा विस्तार ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ असा करीत, म्हणजे ‘एकच रंग दोनदा दिसणे नाही’.

११/ जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रूखने यावर ‘पाल’ पद्धत शोधली. तिच्यात एकाआड एक ओळीत फेजची दिशा उलटवली जाते. त्यामुळे शेजारच्या दोन ओळींतील चुका परस्परविरुद्ध होऊन एकमेकींना खोडून काढतात. चूक होणारच हे गृहीत धरून केलेली ही रचना!

१२/ १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि दिल्लीचे आशियाई खेळ देशाने रंगांत पाहिले. भारताने पाल पद्धत निवडली. आपले प्रक्षेपण आधीपासूनच ६२५ ओळींचे असल्याने ती सहज जुळणारीही होती. ‘सैरंध्री’ला जर्मनीत रंग लाभला नव्हता, अर्धशतकानंतर घरोघरचा रंग जर्मन कल्पनेवरच स्थिरावला.

१३/ आता पुन्हा मालवणात येऊ. आजच्या कॅमेऱ्यात फितीची जागा कोडेकने, म्हणजे चित्र आवळून साठवणाऱ्या पद्धतीने घेतली आहे. पण वालेन्सीची कल्पना अजून जिवंत आहे. सर्वसाधारण एच.२६४ चित्रणात रंग ‘४:२:०’ या प्रमाणात साठवतात. प्रत्येक बिंदूचा उजेड नोंदला जातो, रंग मात्र चार बिंदूंना मिळून एकच.

१४/ शिवाय ८ बिटांत प्रत्येक रंगाच्या फार तर २५६ पायऱ्या मावतात, १० बिटांत १०२४. समुद्राने लाल आधीच क्षीण केलेला असतो, म्हणून त्याच्या वाट्याला तळाच्या मोजक्या पायऱ्या येतात. संकलनात त्या ताणल्या की सलग छटेऐवजी पट्टे, चौकोनी ठिपके आणि खरखर दिसू लागते. एक चोरी समुद्राची, दुसरी कोडेकची.

१५/ तिसरा घोटाळा भाषांतराचा. उजेड आणि रंग पुन्हा एकत्र करण्याची सूत्रे दोन प्रचलित आहेत : जुन्या दर्जाच्या चित्रासाठी १९८२ चे ‘६०१’ आणि एचडीसाठी १९९० चे ‘७०९’. एका सूत्राने बांधलेले चित्र दुसऱ्याने उलगडले तर लाल आणि हिरवे सरकतात. जांभ्या दगडाचा तांबडा बदलतो आणि दोष उगाच कॅमेऱ्याला लागतो.

१६/ म्हणून जाणते संकलक रंगकामासाठी वेगळा कोडेक निवडतात : १० बिटांचा, ‘४:२:२’ प्रमाणाचा, प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवणारा. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर ही त्याची परिचित रूपे. फाइल मोठी होते, पण पुढची झीज थांबते. अतिशय आवळलेले रूप शेवटच्या प्रसारणापुरते राखून ठेवतात.

१७/ मात्र एक गोष्ट कोणताही कोडेक करू शकत नाही. चित्रणाच्या क्षणी जे नोंदले गेले नाही, ते फाइल मोठ्या रूपात बदलल्याने परत येत नाही. म्हणून पाणबुडे चित्रक लाल गाळणी किंवा दिवा सोबत नेतात आणि शक्य असेल तर कॅमेऱ्यातच १० बिट निवडतात. रंग वाचवायचा तो पाण्याखालीच.

१८/ १९३३ मध्ये दुरंगी फितीने प्रभातला जे शिकवले, तेच आज मालवणच्या समुद्रतळावर शिकावे लागते. साधने बदलली, प्रश्न तोच राहिला : टिपलेले आणि दाखवलेले यांच्या मधल्या वाटेवर रंगाला कोण सांभाळणार? ती निवड चित्रणाआधी करावी लागते. शांतारामांना तिची किंमत २२ वर्षांनी चुकती करावी लागली.

(समाप्त)