पेरणारा पुन्हा रानाकडे वळला

श्रोतेहो, मृगाचा पाऊस लांबला की आपल्या धाराशिवच्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बियाणं घरात असतं, तिफण तयार असते. पण पाऊसच नसेल तर करायचं काय? हा प्रश्न फार जुना आहे. त्याचीच हकिगत आज सांगतो.

माणूस लाखो वर्षे शिकार करून आणि कंदमुळे, फळे वेचून जगला. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात तो गहू व सातू पेरू लागला. रानातला सातू पिकला की त्याचे दाणे आपोआप गळून पडतात. ओंबीला धरून राहिलेले दाणे माणसाच्या हाती जास्त आले आणि तेच त्याने पुढे पेरले. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, तेव्हा न गळणारे पीक तयार झाले. हा कोणा एकाचा शोध नव्हे, बरं का!

आपल्या दख्खनचे जुने शेतकरी कसे राहत, हे पाहायचे तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला जावे. तोही आपल्यासारखाच कमी पावसाचा मुलूख. तेथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली जाणती मंडळी. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास हे गाव वसले. सातू हे मुख्य पीक. गोठ्यात गुरे, राहायला ऐसपैस चौकोनी घरे, धान्याचे कोठार, आणि पाणी वळवायला पाट व बांध. असा बांध एका घराने होत नाही. सारा गाव राबावा लागतो.

पुढे इ. स. पूर्व १००० नंतर पाऊस घटत गेला, असे या संशोधकांचे मत आहे. सातू कमी झाला. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. उकिरड्यात हरणासारख्या रानच्या जनावरांची हाडे वाढली. पेरणारा माणूस पुन्हा शिकारीकडे वळला. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आधी शिकार, मग पशुपालन, मग शेती, असा जिना आपण फळ्यावर काढतो. इनामगाव सांगते की या जिन्यावरून माणूस उतरतोही. त्यात कमीपणा नाही. ती जगण्याची अक्कल होती. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडचे नांगर धरणारे हात खडी फोडायला गेले. त्यांना सरकारी कामाचा आधार मिळाला, इनामगावकरांना रानाचा मिळाला होता.

तेव्हा मंडळी, नुसत्या पिकावर विसंबू नये. शिवारातले पाणी, कुरण, झाडझाडोरा हेही राखावे. इनामगावच्या मातीत सातूबरोबर बोराच्या आठळ्याही सापडल्या आहेत. बांधावरच्या बोरीला कुऱ्हाड लावण्याआधी एवढे आठवावे.