बांडगूळ, आमरी आणि कायद्याची यादी

मराठीत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा माणूस त्या शब्दात उभा राहतो. खरे बांडगूळ तसे असतेही. ते आंब्याच्या फांदीत मुळे रुतवून रस घेते, आणि शेतकरी ते छाटून टाकतो ते योग्यच. अडचण अशी की त्याच फांदीवर वाढणाऱ्या आमरीलाही, म्हणजे ऑर्किडलाही, आपण सर्रास बांडगूळच म्हणत आलो. आमरी झाडाचे काही घेत नाही. तिची मुळे सालीला नुसती धरून असतात. हवेतला ओलावा आणि सालीवर कुजणारा पालापाचोळा यांवर तिचे भागते, अन्न ती स्वतःच्या पानांत करते. तिच्याच एका जातीला लोकांनी सीतेची वेणी म्हटले. एकाच कुळाला एका तोंडाने शिवी आणि दुसऱ्या तोंडाने वेणी! जंगलातून आमरी उपटणे गैर का, हा प्रश्न मला या शब्दांपासूनच सुरू करावासा वाटतो.

या ओरबाडण्याला मोठा इतिहास आहे. १८५० साली जोसेफ हूकर खासी टेकड्यांत फिरत होता. निळ्या वांडाची सात हमालांची ओझी त्याने क्यू येथील उद्यानासाठी गोळा केली. त्यांतली फार थोडी रोपे इंग्लंडपर्यंत जिवंत पोचली. त्याच वेळी दुसऱ्या एका गृहस्थाने पाठवलेले एकच ओझे तीनशे पौंडांना विकले गेले. हे सारे हूकरने आपल्या प्रवासवर्णनात स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि एका हंगामात किती कमाई होऊ शकेल याचा हिशेबही तिथेच मांडला आहे. त्या हिशेबात संकोच कुठेच नाही. आपण जे करतो आहोत त्याला कधी काळी गुन्हा म्हटले जाईल, ही कल्पना त्या काळाच्या विचारात बसणारीच नव्हती.

मुंबई इलाख्यातले चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अलेक्झांडर गिब्सन हा पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी उद्यानाचा अधीक्षक. तोच १८४७ मध्ये इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्या जागी पुढे आलेला डाल्झेल हाही वनस्पतिशास्त्रज्ञच. दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याकडे गोळा करणारा हात आणि राखणारा हात एकच होता. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. सुकवून कागदावर चिकटवलेला नमुना नसेल तर जातीला नाव मिळत नाही, आणि नाव नसलेल्या जातीचे रक्षण कोणता कायदा करणार? फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा १९६६ चा ग्रंथही अशा मेलेल्या रोपांवरच उभा आहे. अभ्यासासाठीचा एक नमुना आणि बाजारासाठीची सात ओझी यांना एकाच तागडीत घालता येणार नाही, एवढे मात्र खरे.

कायद्याला वनस्पती उशिरा दिसल्या. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आरंभी प्राण्यांचाच होता. वनस्पतींसाठीचे प्रकरण त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आले. यादीत नोंदी सहा, त्यांतल्या तीन ऑर्किडांच्या: निळा वांडा, तांबडा वांडा आणि लेडीज स्लिपर. हूकरच्या ओझ्यांतला वांडा असा एकशे एक्केचाळीस वर्षांनी यादीत चढला. या तिन्हींपैकी महाराष्ट्रात रानटी उगवणारे एकही नाही. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली, सायटीस करारातल्या जातीही कायद्याच्या अनुसूचीत आल्या. जमातींतल्या लोकांना आपल्या जिल्ह्यात स्वतःच्या गरजेपुरते घेण्याची मुभा मात्र १९९१ पासूनच आहे, आणि ती मला या प्रकरणातली सर्वांत सुज्ञ तरतूद वाटते. गरज आणि धंदा यांतला भेद तिथे ओळखला गेला.

परंतु हे प्रकरण मुख्यतः वनजमिनीपुरते बोलते. १९२७ चा वन अधिनियमही रोपाला वनोपज म्हणतो ते वनातून आलेले असेल तेव्हा. आता शिरूर अनंतपाळसारखा तालुका डोळ्यांपुढे आणा. घरणी नदीचा काठ, काळी जमीन, आणि ज्या जिल्ह्यात वन जवळजवळ नाहीच असा लातूर जिल्हा. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, म्हणून गिब्सन-डाल्झेलच्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर राहिला. त्याची नीट नोंद झाली ती वि. ना. नाईक यांच्या उस्मानाबादच्या फ्लोरात, १९७९ मध्ये. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. इथे जुनी झाडे उरली आहेत ती बांधावर आणि देवळापाशी. बांधावरच्या आंब्यावर आमरी असली, तर आंबा तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी लागते. आमरीसाठी कोणाला काही विचारावे लागत नाही. झाड तोडणारा तिला गोळाही करत नाही. ती फांदीबरोबर सरपणात जाते. हूकरला निदान तिची किंमत ठाऊक होती.

२००२ च्या जैवविविधता अधिनियमाने गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. वन असो वा शेत, गावच्या हद्दीत जे उगवते ते तिथे नोंदवता येते. स्थानिक नावासाठी त्या वहीत एक रकाना असतो. तो भरताना एखादी म्हातारी आंब्याकडे बोट दाखवून ‘बांडगूळ’ म्हणाली, तर वही धरलेल्या विद्यार्थ्याने पेन थांबवून फांदीवर चढायला हवे आणि मुळे सालीच्या आत गेली आहेत की नुसती धरून आहेत, ते पाहायला हवे.